ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवायला सांगणारा तो फॉरवर्ड

'पार्लरवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत' असा एक मेसेज महिनाभर फिरतोय. घरच्या घरी केस आणि नखं सजवायच्या सहा ट्रिक्स, प्रत्येक ओळीपुढे तीन-तीन फुलं. मला तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी न वाचता पुढे सरकले. पण गेल्या रविवारी भाची बेसिनसमोर उभी राहून रडत होती आणि बेसिनमध्ये दीड-दोन इंचाचे केसांचे तुकडे पडले होते, तेव्हा तो शोधून काढून नीट वाचला. तिला पाठवला कुणी, तर माझ्याच ताईने, म्हणजे तिच्या सख्ख्या आईने, वर "करून बघ गं" असं लिहून!

क्रमाने जायला हवं, पण मी चौथ्या नंबरपासून सुरू करते कारण सगळा घोळ त्याने केलाय. तो असा: "केस धुतल्यावर ओले असतानाच स्ट्रेटनर फिरवा, वाफ केसात मुरते आणि केस रेशमासारखे होतात."

अहो, वाफ मुरत नाही, ती आतून बाहेर यायला बघते. केस ओला होतो म्हणजे नुसता वरून भिजत नाही, पाणी आत शिरून तो फुगतो. त्यावर 200 डिग्रीच्या आसपास तापलेली पट्टी दाबायची, आणि पाणी तर 100 ला उकळतं. त्या पाण्याला सावकाश उडून जायला वेळच मिळत नाही, ते जागच्या जागी उकळतं, वाफ फुगते आणि केसाच्या आत पोकळ बुडबुडे तयार होतात. ही मी काढलेली थिअरी नाही, त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात आणि 1986 पासून त्याची नोंद आहे. 1994 साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटोलॉजीमध्ये यावर एक पेपर आला, त्याच्या नावातच लिहिलंय की दमट केस थोडा वेळ एकाच जागी तापवल्याने हे होतं. त्यात केस कुरळे करायचा चिमटा 125 डिग्रीवर फक्त एक मिनिट लावला तरी बुडबुडे आले. भाचीचा स्ट्रेटनर 210 वर होता. "चर्र असा आवाज येत होता मावशी, मला वाटलं वाफ मुरतेय."

मी ते तुकडे हातात घेऊन पाहिले. टोकं वाळक्या गवतासारखी खरखरीत, मध्येच वाकडी झालेली, चिमटीत धरून जरा ताणलं की तुटतायत. आणि तुटले कुठे, तर सगळे उजव्या कानाच्या वर जवळपास एकाच उंचीवर, कारण तिथली बट सरळ होईना म्हणून तिने पट्टी तशीच दाबून धरली होती. ताई लगेच तेलाची बाटली घेऊन आली. तेलाने काय होणार? केसाचा बाहेर आलेला भाग मेलेलाच असतो, आत पडलेली पोकळी पुन्हा भरत नाही, तेल आणि सिरम फक्त वरून गुळगुळीत करतात. तेवढा भाग कापायचा आणि वाट बघायची, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने.

"पण ओल्या केसांवर चालणारे स्ट्रेटनर मिळतात की," इति ताई. मिळतात, त्यात वाफ बाहेर पडायला फटी असतात. आपल्या घरातला तसला नाही, आणि तसला असता तरी मी तो कोरड्या केसांवरच फिरवला असता.

चिडचीड याची जास्त होते की पुढचाच, पाचवा मुद्दा बरोबर आहे आणि पोरीने तो करायचा सोडून चौथा केला. किंचित दमट केसांची वेणी घालून झोपायचं, सकाळी सोडली की छान लाटा पडतात. पडतात, मान्य. केस भिजले की आतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकारात धरून ठेवणारे कच्चे दुवे, सुटतात आणि वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात, म्हणून उष्णता न देताही काम होतं. पण एवढं खरं लिहून झाल्यावर या माणसाला राहवलं नाही, खाली जोडलंय, "वेणी जितकी घट्ट तितके केस लांब वाढतात." केस मुळातून वाढतो, ओढून कसा लांब होईल, तो काय रबर आहे? रोज घट्ट ओढून बांधल्याने कपाळाकडचे केस विरळ होतात हे ग्रीनलंडमधल्या बायकांच्या बाबतीत 1907 सालीच लिहून ठेवलेलं आहे. वेणी सैल घाला.

आता नखं. पहिला मुद्दा, "नेलपॉलिशने नखं गुदमरतात, त्यांना श्वास घेऊ द्या." नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा मृत थर, त्याला जे काही मिळतं ते खालच्या रक्तातून मिळतं. तरी एक आहे, गडद लाल रंग आठवडेच्या आठवडे ठेवला की नख पिवळं पडतं, कधी पांढरे खडबडीत चट्टे येतात, त्यामुळे मध्ये ब्रेक घ्या, माझी काही हरकत नाही, फक्त श्वासाचं नाव नको.

दुसरा, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून नेलपॉलिश लवकर सुकवणे. ती सुकते ती त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे तिला पातळ ठेवणारा द्रव, उडून गेल्यावर, आणि गारठ्यात ते उलट हळू उडतं. वरचा थर कडक लागतो म्हणून सुकल्यासारखं वाटतं, मग बोट कुठेतरी घासलं की खालून ओली. त्यापेक्षा दोन पातळ कोट, मध्ये थोडं थांबून.

तिसरा वाचून मात्र मी फोन खाली ठेवला. मोडलेलं नख सुपरग्लूने चिकटवा, "जास्तीचा ग्लू कापसाने टिपून घ्या." कापसाने! कापूस आणि सुपरग्लू एकत्र आले की तो झपाट्याने घट्ट होतो आणि इतका तापतो की कातडी भाजते. नखाचा ग्लूही त्याच जातीचा असतो. सुती कपड्यावर सांडून, कपड्याखालची त्वचा भाजून लहान मुलं हॉस्पिटलात गेलेली आहेत. मोडलेलं नख कापा, कानसने घासा, महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतंच ते.

सहावा, ग्लिटरवाली नेलपॉलिश काढायला रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा. हा चालतो, मी स्वतः करते, फॉइलमुळे रिमूव्हर उडून जात नाही, दहा मिनिटांत ग्लिटर निघतं. फक्त शेजारी तापलेला स्ट्रेटनर ठेवून करू नका, रिमूव्हर पेट घेतो. हे सांगायचं कारण रविवारी भाचीच्या टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारीच होते, आणि बाटलीचं झाकण उघडं.