‘हौशी’ म्हणालात म्हणून: दगडी क्लॅडिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून धोलपूरचा दगड (राजस्थानातला वालुकाश्म) लावण्याबद्दल, म्हणजे क्लॅडिंगबद्दल, मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. नाव नाही, सहीच्या जागी फक्त ‘सिव्हिल, २२ वर्षे’. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दगड महाग, दगड जड, एसीपी (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेलं पॅनेल) स्वस्त, हलकं आणि चटकन लागतं, हे तुमचे मुद्दे. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘दगड तापतो आणि रात्रभर घरात उष्णता सोडतो, एवढं साधं ज्याला कळत नाही अशा हौशी माणसाने लोकांना भिंतींबद्दल शिकवू नये.’

एक गोष्ट आधीच मान्य करून टाकतो. एसीपी पुसायला सोपं. आपल्याकडे खिडकीला कूलर असतोच, त्याच्या पाण्याचे पांढरे ओघळ दगडावर बसतात ते बसतात. एसीपीवरून ते फडक्याने निघतात. हे तुमचं.

आता ‘हौशी’. मतभेद असू द्या हो, पण ही भाषा कशासाठी? तुम्ही नुसतं ‘दगड तापतो’ एवढं लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. माझे वडील मुकादम होते. शाळेच्या सुट्ट्यांत मी वाळू चाळली आहे, विटांवर पाणी मारलं आहे. डिग्री नाही, खरं आहे. पण गिलावा कुठे पोकळ झालाय हे हातोडीच्या आवाजावरून मला मिसरूड फुटायच्या आधी कळत होतं. ते सहीखाली वर्षं लिहून येत नाही.

आणि ज्यांच्याकडे डिग्री आहे त्यांचं काम मी स्वतःच्या घरावर पाहिलंय. नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या घराला आधीच्या ठेकेदाराने एलिव्हेशन टाइल्स, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या शोभेच्या टाइल्स, लावल्या होत्या. तेही सिव्हिलचेच, बरं का. एका मे महिन्यात त्यातली एक सुटली आणि खाली उभ्या स्कुटीच्या सीटवर पडली. उलटी करून पाहिली तर मागे सिमेंटच्या मसाल्याचे पाच गोळे: चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. बाकी टाइल दुकानातून आणल्यासारखी कोरी. पावसाळ्यात त्या पोकळीत पाणी शिरायचं, उन्हाळ्यात टाइल वेगळी फुगायची, भिंत वेगळी. मिस्त्री शिडीवरून एकेक टाइल ठोकत खाली आला आणि म्हणाला, “भाऊ, सारीच पोकळ वाजून राहिली ना.” त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, उन्हात उभं राहून पाहिलं, त्याला तुम्ही हौस म्हणता.

तर, दगड तापतो. अहो, तापतोच! २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश होतं, त्या दिवशी काय तापलं नसेल? प्रश्न असा आहे की तापलेल्या दगडाच्या मागे काय आहे. मी लिहिलं होतं ड्राय क्लॅडिंगबद्दल. म्हणजे २० मिलिमीटरचा दगड, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प, आणि भिंत व दगड यांच्यात बोटभर-दोन बोटं फट, खाली आणि वर उघडी. ऊन दगडावर पडतं, भिंतीवर पडत नाही. फटीतली हवा तापते, वर चढते, बाहेर जाते, खालून दुसरी येते. रात्री घरात जी धग जाणवते ती मुख्यतः नऊ इंची विटेच्या भिंतीने दिवसभर साठवलेली असते. त्या भिंतीपुढे पाऊण इंची दगड तो किती साठवणार? उलट तोच भिंतीला सावली देतो. तुमचा आक्षेप मसाल्याने थेट भिंतीला चिकटवलेल्या जाड दगडाला लागू पडतो, आणि तसं करू नका हे माझ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

एसीपीमागेही फट असतेच, असं तुम्ही म्हणाल. असते. पण सांधे सिलिकॉनने भरले, वरचं तोंड बंद केलं, की आतली हवा जाणार कुठे? शिवाय तो पत्राही फुगतो. आठ फुटी शीट ५० अंशांच्या फरकाला जवळपास ३ मिलिमीटर वाढते, आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५वर होता, तेव्हा हा फरक काही पुस्तकी नाही. तो ताण कडेच्या सिलिकॉनवर येतो. मनीष नगराकडे चक्कर मारा, चार-पाच उन्हाळे पाहिलेल्या इमारतींचे सांधे जवळून बघा.

आगीचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, लोक उगाच घाबरतात म्हणून. पण तुम्ही एसीपीची इतकी वकिली केलीत तर विचारतो: लंडनचा ग्रेनफेल टॉवर, १४ जून २०१७, ७२ मृत्यू. त्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलिन होतं. आग रोखणारा गाभा असलेलं एसीपीही मिळतं, मात्र ते महाग पडतं. तुम्ही ‘स्वस्त’ म्हणता ते यातलं कोणतं?

वजनाचं म्हणाल तर चौरस फुटाला चार-साडेचार किलो. क्लॅम्प आहेत, बीम आहेत, होतं सगळं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत खुंटी नीट धरत नाही, हे मला माहीत आहे, ते मिस्त्री बघून घेतात. किमतीवर वाद घालत नाही, ज्याचा त्याचा खिसा. आणि दगड टिकतो का, हे ज्याला विचारायचं त्याने दीक्षाभूमीवर जाऊन स्तूपाचा धोलपूर बघावा, नाहीतर १९४०पासून उभ्या असलेल्या हायकोर्टाचा दगड.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की एखाद्या दुपारी चारला घरी या, खरंच सांगतो. पश्चिमेच्या खोलीत भिंतीला आतून हात लावून बघा, चहा घ्या. येताना एसीपीचा एखादा तुकडा आणलात तरी चालेल. आमच्या कूलरचा स्टँड एका पायावर डगमगतोय, त्याखाली टेकवायला पातळसं काहीतरी हवंच आहे.