डोळ्यांचा मुद्दा पटला नाही
ई-रीडरवर (ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणावर) वाचून डोळे शिणतात, हा एका लेखातला मुद्दा काही पटला नाही. मोबाइल आणि ई-रीडर एकाच मापाने मोजल्यासारखं वाटतं. ई-रीडरला बहुधा ‘ई-इंक’चा पडदा असतो; त्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या दाबाने कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. ते कागदासारखंच बाहेरच्या उजेडात दिसतं. वीज मुख्यतः पान उलटतानाच लागते, म्हणून तर एकदा केलेलं चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. (आतला दिवा लावून वाचलं तर कमी, हे आलंच.)

माझं खरं दुखणं वेगळं आहे. विकत घेतलेलं ई-पुस्तक बहुतेक वेळा आपलं नसतंच, नुसता वाचायचा परवाना असतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने काही पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून (त्यांच्याच ई-रीडरमधून) परस्पर पुसून टाकली होती. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली, पण एका विद्यार्थ्याने त्यात केलेल्या नोंदी कुचकामी झाल्या त्याचं काय? कपाटातलं पुस्तक असं कुणी रातोरात उचलून नेत नाही. (मित्र नेतात, ती गोष्ट निराळी!)

तळटिपांची, सारखी मागे-पुढे चाळावी लागणारी पुस्तकं मी अजून कागदावरच घेतो. कादंबऱ्या मात्र खुशाल ई-रीडरवर; अक्षर मोठं केलं की चष्मा शोधावा लागत नाही.