अजगर काढताना

रविवारी सकाळी सोसायटीची नोटीस टाइप केली. 'उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवावे.' सेव्ह करायला गेलो तर लॅपटॉप म्हणतो, डिस्कवर जागा नाही. आम्ही पाचपाखाडीचे; जागा नाही हे वाक्य पार्किंगपासून माळ्यापर्यंत रोज ऐकतो. त्यावरचा घरगुती उपायही पाठ आहे: लागत नाही ते काढा.

भाच्याने दोन वर्षांपूर्वी या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारं एक लिनक्स, टाकून दिलं होतं. त्यातल्या प्रोग्रॅमची यादी चाळताना 'पायथन' दिसलं, प्रोग्रॅम लिहायची भाषा. मी काही प्रोग्रॅमिंग करत नाही. शिवाय पायथन म्हणजे अजगर, तो घरात कशाला पाळायचा? भाच्याने शिकवलेली एकच ओळ मला येते, ती ठोकली: सुडो अ‍ॅप्ट रिमूव्ह पायथन थ्री. अ‍ॅप्ट म्हणजे पॅकेजेस, अर्थात प्रोग्रॅमची गाठोडी, बसवणारा आणि काढणारा उबुंटूचा कारभारी.

स्क्रीनवर नावांचा लोंढा आला. 'ही पॅकेजेस काढली जातील' आणि खाली ओळीच ओळी. शेवटी प्रश्न: वाय की एन? वाय मोठ्या लिपीत, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकार. होम लोनचे कागद जितके वाचून सही केली होती, तितकंच वाचून मी एंटर दाबलं.

लॅपटॉप पुन्हा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. माउस नाही, खिडक्या नाहीत, नोटीस तर नाहीच.

"मामा, यादी वाचली होती का?" ऐरोलीहून भाच्याचा फोन.

"वरवर."

तो संध्याकाळी आला. हिने पोहे दिले, त्याने लेक्चर दिलं. उबुंटूच्या डेस्कटॉपमधली बरीच मंडळी पायथनवर जगतात. पायथन गेलं की ती गेली, आणि त्यांच्या आधारावरची पुढची गेली. अ‍ॅप्टने नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं, त्याआधी मला रीतसर विचारलंही. १९९९ साली डेबियन २.१ आलं (डेबियन म्हणजे उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स), तेव्हापासून अ‍ॅप्ट हे नातेसंबंध सांभाळतंय. चूक त्याची नव्हे, असं दोघांनी मिळून मला पटवलं.

मला ते लग्नाच्या आमंत्रणासारखं वाटलं. प्रत्येक पॅकेज आपली यादी घेऊन येतं. 'डिपेंड्स' म्हणजे नवरदेव, त्याच्याशिवाय कार्य नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे आत्याबाई. न बोलावता चालेल, पण अ‍ॅप्ट न विचारता बोलावतं. 'सजेस्ट्स' म्हणजे 'जमलं तर या', म्हणजे कोणी येत नाही. आणि 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे ते दोन काका, जे एका पंगतीत बसत नाहीत. कुणाबरोबर तरी आलेल्यांवर अ‍ॅप्ट खूण करून ठेवतं. ज्याच्यासाठी आले तो गेला की 'ऑटोरिमूव्ह' म्हणून त्यांना निरोप देता येतो. आमच्याकडे पाहुण्यांसाठी ही सोय असती तर!

"हे काहीच नाही," भाचा म्हणाला. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने भांडणातून एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतल्या पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारातून, आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं होतं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या. त्याच्यावाचून जगभरचे मोठमोठे प्रकल्प अडले. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला गावी गेला की चार मजले चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात, तसंच.

मोबाइलचं नेट केबलने लॅपटॉपला जोडून त्याने अ‍ॅप्टची नोंदवही उघडली. काय काय गेलं, किती वाजता गेलं, सगळं लिहिलेलं. सकाळी ९ वाजून ४१ मिनिटं. माझा गुन्हा इतक्या सुबकपणे आजवर कोणी लिहिला नव्हता, हिनेसुद्धा नाही. मग 'उबुंटू-डेस्कटॉप' परत बोलावलं. डाउनलोड होईतो त्याने फोनवरच्या दुसऱ्या लिनक्सवर 'अ‍ॅप्ट मू' टाइप करून दाखवलं. अक्षरांची गाय उगवली आणि विचारू लागली, आज हंबरलात का?

"सकाळपासून तेच चाललंय," ही म्हणाली. तिने कालनिर्णयाच्या गेल्या महिन्याच्या पानामागे स्केचपेनने नोटीस लिहून दुपारीच लिफ्टमध्ये चिकटवली होती.

रात्री साडेअकराला डेस्कटॉप परतला. अजगर परतला. आत्याबाईही परतल्या, आणि येताना पत्त्यांचा खेळ, सुडोकू आणि सुरुंग घेऊन आल्या, जे मी गेल्या दिवाळीत जागेसाठी एकेक करून काढले होते. डिस्कवर आता सकाळपेक्षाही कमी जागा आहे.