वॉट लावणारा पंप

माशाच्या टाकीतला पंप खुरखुरायला लागला, तेव्हा नवा घेऊ तो वीज वाचवणाराच, असं मी जाहीर केलं. माझ्या ठरावाला सासऱ्यांनी अनुमोदन देण्याची ही पहिलीच वेळ. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की अप्पांचा रक्तदाब वाढतो.

दुकानदाराने थेट 25 वॉटचा पंप पुढे केला. “मॅडम, पॉवरफुल आहे. ताशी 1800 लिटर!” आमची टाकी जेमतेम 50 लिटरची. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरलं की पुष्कळ. या पंपाने आमचे गप्पी काचेला पोस्टरसारखे चिकटले असते. खोक्यावर ‘उंची 2 मीटर’ असंही होतं. हे दोन्ही आकडे खरे असतात, फक्त एका वेळी नसतात. पाणी वर चढवायचंच नसेल तर 1800 लिटर, आणि पूर्ण 2 मीटर चढवायचं म्हटलं तर शून्य. ही खुबी दुकानदार सांगत नाही.

अप्पांनी तिथेच, बिलबुकाच्या पाठीवर हिशोब मांडला. 25 वॉट, चोवीस तास, तीस दिवस : 18 युनिट. 5 वॉटचा घेतला तर साडेतीनच्या थोडं वर. “आपलं बिल शंभराच्या काठावर असतं. 101व्या युनिटपासून दर चढतो,” असं त्यांनी दुकानदारालाच सुनावलं.

5 वॉटचा आला. रात्री अकराला अप्पांनी तो बंद केला. “मासे झोपलेत. पाणी कुणासाठी फिरवायचं?”

मी समजावलं, की फिल्टरच्या स्पंजात जिवाणू असतात, माशांच्या घाणीतला अमोनिया तेच पचवतात, आणि पाणी थांबलं की प्राणवायूअभावी मरतात.

“म्हणजे बिल माशांचंही नाही? जंतूंचं?”

“हो अप्पा.”

बराच वेळ ते स्पंजाकडे बघत राहिले. सकाळी बटणावर चिकटपट्टी दिसली, वर त्यांच्याच अक्षरात ‘बंद करू नये’. मला भरून आलं.

परवा मात्र त्यांना कपाटात हीटरचं खोकं सापडलं. नाशिकच्या थंडीत तो लावावाच लागतो. पाणी तापलं की आपोआप बंद होतो, हे मी घाईघाईने सांगितलं. पण तोवर त्यांनी ‘100 वॉट’ वाचलं होतं. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं.

“सूनबाई,” ते अगदी मायेने म्हणाले, “हे गप्पी साधारण किती वर्षं जगतात?”