कला अकादमीला ‘खोकं’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळपासून डोकं तापलंय. घरच्या ग्रुपवर आमच्या एका दादाने पणजीत कांपालला असलेल्या कला अकादमीचा, म्हणजे आमच्या नाटक-संगीताच्या सरकारी वास्तूचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे काँक्रीटचं खोकं एकदाचं पाडा, गोव्याला शोभेल असं कौलारू काहीतरी बांधा.’ त्यावर भराभर अंगठे.

गोव्याला शोभेल म्हणजे काय रे दादा? हायवेवरच्या रिसॉर्टसारखं? वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९७३ ते १९८३ या काळात ही वास्तू घडवली ती मुद्दाम बुटकी, मांडवीच्या काठाला धरून पसरलेली. वर पर्गोला, म्हणजे उघड्या तुळयांचा मांडव, खाली सावली, आणि रस्त्यावरून आत शिरलात की थेट नदीपर्यंत वाट मोकळी. सरकारी पैशाच्या वास्तूने असं सगळ्यांना आत घ्यायचं, यालाच मी धाडस म्हणते.

माझं स्पर्धेतलं पहिलं नाटक बघायला आई डिचोलीहून आली होती. पणजीतल्या मोठ्या इमारतीत शिरायची तिला धास्ती, दारावर कोणीतरी हटकणारच. इथे कोणी हटकलं नाही. पायऱ्यांवर बसून तिने डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली, बाजूच्या अनोळखी बाईलाही दिली. मग दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात जाऊन बसली. तिथे बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेल्या बाल्कन्या आणि त्यांत बसलेले प्रेक्षक. मध्यंतरात आई मला म्हणते, ‘ती वरची बाई मघापासून हललीच नाही गो!’ अजून हे आठवलं की हसू येतं. त्या आईला ‘खोकं’ दिसलं नव्हतं.

गळत होतं, मान्य. खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, तेही मान्य. पण घर गळलं तर आपण छप्पर शाकारतो, घर बांधणाऱ्याला शिव्या घालत नाही. आणि शाकारणाऱ्यांनी काय केलं? २०२१ मध्ये नूतनीकरण काढलं, ५० कोटींच्या वर खर्च गेला, आणि काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. नोव्हेंबरात दारं उघडली तर नाटकवाले आवाज, दिवे, गळती सगळ्याच्या तक्रारी करू लागले. कोरिया २०१५ मध्येच गेले. त्यांच्या माथी हे कसं मारता?

दिल्लीत वास्तुकार राज रेवल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन असंच ‘जुनं झालं’ म्हणत एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं. जगभरातले वास्तुकार विनवत होते. कोणी ऐकलं? म्हणून त्या अंगठ्यांची मला भीती वाटते. आधी नीट दुरुस्त करायचं नाही, मग लोकांनीच ‘पाडा’ म्हणायचं.

दादा, तुझ्याशी भांडण नाही. पण आमच्या आईसारख्या बायकांना बिनधास्त बसता येईल अशी दुसरी जागा पणजीत दाखव, मग पाडायचं बोल. तोवर मागायचंच असेल तर खर्चाचा हिशेब माग. आणि पुढच्या दुरुस्तीआधी प्रकाशयोजना करणाऱ्यांना, साउंडवाल्यांना, पडदा ओढणाऱ्या पोरांना विचारा म्हणावं, काय बिघडलंय ते. ते फुकटात सांगतील.