पोस्टात जुनी तिकिटं ओरिजिनल आहेत का ते तपासून मिळत नाही, तो मेसेज चुकीचा आहे

सांगलीतल्या ग्रुपवर दोन दिवस फिरतंय की हेड पोस्टात जुनं तिकीट नेलं की ते ओरिजिनलचा शिक्का मारून देतात आणि गांधीजींच्या 10 रुपयांच्या तिकिटाला लाखो मिळतात. मी स्वतः जाऊन विचारलं, काउंटरवरच्या ताईंनी नीट सांगितलं की इथं नवीन तिकिटं विकतो, जुनी तपासून सर्टिफिकेट देत नाही.

ते काम तिकिटांच्या जाणकारांच्या एक्स्पर्ट कमिटीचं असतं, उदा. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी, म्हणजे तिकीट जमवणाऱ्यांची संस्था, तिची कमिटी. ते कागद, कडेचे दाते, मागचा डिंक, छपाई, पोस्टाचा शिक्का सगळं भिंगाखाली बघतात आणि त्याच तिकिटाच्या फोटोसकट सर्टिफिकेट देतात, फी घेऊन. त्यामुळं साध्या तिकिटासाठी हा खर्च परवडत नाही.

आणि गांधीजींचं म्हणाल तर 15 ऑगस्ट 1948 ला चार तिकिटं आली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. लाखोंची गोष्ट आहे ती त्यातल्या 'सर्व्हिस' असा जादा छाप असलेल्यांची, ती गव्हर्नर जनरलच्या कामासाठी होती आणि तसा छाप असलेली 10 रुपयेवाली तर फक्त 100 छापली. साध्यावर खोटा छाप मारून विकणारेही आहेत, म्हणून तर सर्टिफिकेट लागतं.

आजोबांच्या पेटीत काही सापडलं तर पाकिटावरनं तिकीट सोडवू नका हं, शिक्क्यासकट पाकीटच जास्त मोलाचं असू शकतं. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, म्हातारी माणसं उन्हातनं पोस्टात हेलपाटे मारायला लागलीत.