मापच चुकलेला हिशोब: ‘आपल्या एकट्याने काय होतंय’ या मजकुराला उत्तर

निवडणूक जवळ आली किंवा पावसाळा लागला, की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. एका मताने कोणी पडत नाही. यादीत नाव नसलं तरी आधार कार्ड दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा, देतात. नोटा दाबणं म्हणजे मत वाया. डास गोदावरीतून आणि नाल्यांतून येतात, घरात काय करणार? ओला-सुका वेगळा करून उपयोग नाही, घंटागाडीत सगळं एकत्रच जातं. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: एवढ्या मोठ्या शहरात आपल्या एकट्याने काय होतंय!

सगळी गफलत या शेवटच्या वाक्यात आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, हे खरं. पण नगरसेवकाची मतं प्रभागापुरती मोजतात, डेंग्यूचा डास जन्मला त्या जागेच्या आसपासच्या गल्ल्यांत फिरतो आणि आपली बादली घंटागाडीच्या एका कप्प्यात रिकामी होते. माप एवढं लहान आहे. एक माणूस या मापात भरतो.

‘एका मताने कोणी पडत नाही.’ आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव मध्य मतदारसंघात, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल १६२ मतांनी लागला. दोन-तीन मोठ्या इमारतींत एवढे मतदार राहतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांची मतं अगदी सारखी भरली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला. राजस्थानात नाथद्वारा इथे २००८ साली एका मताने उमेदवार पडला आहे.

नाशिक महापालिकेत तर गोष्ट आणखी पुढची आहे. १२२ जागा ३१ प्रभागांत विभागल्या आहेत आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. म्हणजे मतदाराला एक नव्हे, चार मतं: अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एकेक. जागेप्रमाणे मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो. पुष्कळ जण ओळखीच्या चिन्हासमोरचं एक बटण दाबतात आणि वळतात. चारही जागांची बटणं दाबल्याशिवाय शेवटचा लांब आवाज येत नाही. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं, पण दाबायचं. आवाज ऐकल्याशिवाय पडद्याआडून बाहेर येऊ नका.

‘यादीत नाव नसलं तरी चॅलेंज व्होट मिळतं.’ हा भाग सर्वांत घातक, कारण त्यावर विसंबून लोक यादी तपासतच नाहीत. यादीत नाव नसेल तर आधार काय, पासपोर्ट दाखवूनही मत देता येत नाही. ओळखपत्र फक्त ओळख पटवतं, हक्क यादीतून येतो. लोकसभा-विधानसभेच्या नियमांत ‘आक्षेपित मत’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ उलटा आहे: समोरचा मतदार खरा नाही असं केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला वाटलं, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो. दुसरा प्रकार प्रदत्त मताचा. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर तुम्हाला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतात. ती पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही, प्रकरण न्यायालयात गेलं तरच उपयोगी पडते. अशी मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं, हेही याच मजकुरात असतं. असा कोणताही नियम नाही.

महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर सिडकोतून इंदिरानगरला राहायला गेलेल्याचं नाव जुन्याच जागी राहिलं. घर बदललं की लगेच नमुना ८ भरायचा, नवीन नावासाठी नमुना ६. प्रभागनिहाय प्रारूप यादी लागते तेव्हा ती उघडून पाहायची, कारण प्रभागाच्या हद्दीवरची इमारत शेजारच्या प्रभागात पडणं नेहमीचं आहे. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते.

नोटाबद्दल एवढंच: लोकसभा-विधानसभेला नोटाने निकाल बदलत नाही. पण महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला आहे. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. मजकूर लिहिणाऱ्याने दोन निवडणुका एकत्र कालवल्या आहेत.

‘डास नदीतून येतात.’ येतात, पण डेंग्यूचे नव्हेत. गोदावरीतल्या पाणवेलीत आणि नासर्डीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो, झोप उडवतो. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि साठवलेल्या, दिसायला स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: पिंपात, कूलरमध्ये, मनीप्लांटच्या बाटलीत, गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये, झाकण तुटलेल्या टाकीत. सगळ्यांत विसरली जाणारी जागा म्हणजे फ्रिजच्या मागचा, खालचा ट्रे. हा डास सहसा चारशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या पिंपातला डास तुम्हाला, वरच्या मजल्यावरच्या बाळाला आणि समोरच्या दुकानदाराला चावतो. गंगापूर रोडचा डास नाशिकरोडला जात नाही.

अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. इथे चूक होते ती अशी, की लोक पाणी ओततात आणि लगेच पुन्हा भरतात. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी वर आलं की फुटतात. म्हणून आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासायची, पालथं घालून वाळवायचं, मगच भरायचं. रिकामी न होणाऱ्या टाकीला घट्ट झाकण, हवेच्या नळीला बारीक जाळी. शोभेच्या हौदात गप्पी मासे. धूर फवारणी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ती त्या क्षणी उडणाऱ्या डासांना मारते, पिंपातल्या अळ्यांना तिचा काहीही त्रास होत नाही.

‘घंटागाडीत सगळं एकत्रच होतं.’ काही ठिकाणी होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण घरातच एकत्र केलेला कचरा पुढे कुणालाही नीट वेगळा करता येत नाही, हे उलट बाजूने पाहा. भाजीचं पाणी आणि आमटी लागली की रद्दी, पुठ्ठा भंगारवाल्याच्या कामाचा राहत नाही. ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला, तर खत प्रकल्पात ती फाडावी लागते आणि तिच्या चिंध्या यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळतात. फुटलेला ग्लास ओल्यात गेला तर आधी सफाई कामगाराचा हात कापतो, मग चुरा खतात उतरतो. काचेचं खत द्राक्षबागेत कोण टाकेल? ढिगाऱ्यात दडपलेला ओला कचरा हवेविना कुजतो, मिथेन सोडतो आणि काळं पाणी जमिनीत मुरवतो.

करायचं ते सोपं आहे. ओल्याच्या बादलीत तळाला वर्तमानपत्राचा कागद, पिशवी नाही. चहापत्ती आणि भाजी निथळून टाकायची. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो इवलासा तुकडा हमखास गटारात जातो. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळे. काच जाड कागदात, सांगून हातात द्यायची.

एवढं करूनही गाडीवाल्याने दोन्ही एका कप्प्यात ओतलं, तर फोटो काढा. गाडीचा क्रमांक आणि उघडा कप्पा एकाच चौकटीत यायला हवा. मग तारीख-वेळेसह महापालिकेच्या ॲपवर आणि विभागीय कार्यालयात तक्रार करा. नुसतं ‘गाडी नीट येत नाही’ लिहिलेल्या तक्रारीवर ठेकेदाराला दंड लावता येत नाही, क्रमांक असेल तर लावता येतो.

आणि हा ठेका कोण मंजूर करतं? स्थायी समिती, म्हणजे नगरसेवक. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत नाशिकमध्ये नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. आता प्रत्येक प्रभागाला ते आहेत. आपल्या भागातल्या गाडीला किती कप्पे असायला हवेत, ठेक्याच्या अटींत काय लिहिलंय आणि एकत्र ओतल्याबद्दल मागच्या महिन्यात किती वेळा दंड झाला, हे तीन प्रश्न प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना लेखी विचारा आणि पोच घ्या.